दाहेच्या पुढे

सियाचे ओठ हलत होते.

तसे त्या वर्गात तीस मुलं होती आणि तीस प्रकारचे चाळे चालू होते. कोणी टॅब्लेटवर बोट नाचवत होतं, कोणी शेजाऱ्याचं उत्तर चोरून बघत होतं, एक महाशय तर नाकातल्या संशोधनात पार गढून गेले होते. पण सुचेता ताम्हनकरची नजर खिडकीजवळच्या त्या एका मुलीवरून हलेना. पडद्यावर सात गुणिले आठ आलं होतं. कोपऱ्यात सहा सेकंद उलटे मोजले जात होते. सिया मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, मान किंचित डुलत होती आणि ओठ बिनआवाजाचे चालू होते. सहा सेकंद संपले, तो प्रश्न गेला, पुढचा आला आणि ओठ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

सुचेता हळूच तिच्या मागे जाऊन वाकली. तेव्हा कुठे ऐकू आलं, तेही जेमतेम.

"नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस..."

लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या प्राथमिक शाळेत सुचेता एकोणीस वर्षं टीचिंग असिस्टंट होती. म्हणजे शिक्षिका शिकवणार आणि ज्यांच्या डोक्यावरून गेलं त्यांना घेऊन ही कोपऱ्यात बसणार. ताम्हनकर हे नाव इथे कोणालाच झेपलं नव्हतं, त्यामुळे मुलं तिला मिसेस टी म्हणत. एकोणीस वर्षांत तिने पंजाबी, पोलिश, सोमाली, तमिळ अशी सगळ्या भाषांमधली कुजबुज ऐकली होती. मराठीतला पाढा मात्र आज पहिल्यांदा. ती तिथल्या तिथे मिरजेला जाऊन पोचली.

मिरजेतली नगरपालिकेची शाळा. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि तरटाच्या पट्ट्या. आई तिथे चौथीला शिकवायची. घरात ती आई; पण अकरा वाजता शाळेची पायरी चढली की बाई. पहिल्याच दिवशी सुचेता सवयीने "आई, पाटी फुटली" म्हणून गेली आणि सगळा वर्ग खो खो हसला. आईने शांतपणे विचारलं, "आई घरी आहे. इथे कोण आहे?" सुचेताने रडत रडत सांगितलं, "बाई." येताना मात्र त्याच बाईंनी तिला नवी पाटी घेऊन दिली आणि वाटभर तिचा हात सोडला नाही. शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाचे पाढे चालत, पन्नास पोरं एका सुरात, अशी काही तार लागायची की दर्ग्याकडे जाणारा एखादा टांगेवालासुद्धा बाहेरून 'दाहे' म्हणायला हजर असायचा. मधल्या सुट्टीत मिळणाऱ्या सुकडीचा खरपूस वास, पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा वास आणि आईच्या पदराला लागलेला खडू. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. पण हाउन्सलोतल्या त्या वर्गात मार्चमधल्या एका मंगळवारी ती तिला इतकी जवळ वाटली, की सुचेताला पेन उचलायचं निमित्त करून खाली बसावं लागलं.

सियाला पंचवीसपैकी सात आले.

हा सराव होता. खरी परीक्षा जूनमध्ये. इंग्लंडभरच्या इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची. पंचवीस गुणाकार, प्रत्येकाला सहा सेकंद. बारा गुणिले बारापर्यंत काहीही विचारतात, आणि तेही मध्येच कुठलंही. सिया नागपूरहून जानेवारीत आलेली. गणिताची वही बघावी तर अक्षर मोत्यासारखं, बेरजा-वजाबाक्या चोख. आणि पाढ्यांत सात!

वर्गशिक्षिका मिस हॉलंड ही एकोणतीस वर्षांची, हुशार आणि मनापासून शिकवणारी मुलगी होती. चहाच्या सुट्टीत ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मिसेस टी, ती मनात दुसऱ्या भाषेत करते, हो ना? मग भाषांतर करते. सहा सेकंद त्यातच जातात. गुरुवारी तिच्या आईला बोलावलंय. जूनपर्यंत घरी गणित फक्त इंग्रजीत, असं सुचवू. तुम्हीही या, बरं पडेल."

सुचेताने मान हलवली. एकोणीस वर्षांत मान हलवायची तिला इतकी सवय झाली होती की कधीकधी प्रश्न संपायच्या आत ती हलत असे.

पण ते वाक्य तिने आधी ऐकलं होतं. अगदी हेच. पंचवीस वर्षांपूर्वी, अशाच बुटक्या खुर्चीत बसून. तेव्हा तिचा प्रणव चार वर्षांचा होता. सुचेता पोळ्या लाटायची आणि तो ओट्यावर पाय हलवत बसून पाचाचा पाढा म्हणायचा. 'पाच नव्वे पंचेचाळीस' आलं की त्याला का कोण जाणे हसू फुटायचं. नर्सरीतल्या बाईने प्रेमाने सांगितलं, घरी इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल. सुचेता आणि तिचा नवरा सतीश, दोघंही नव्याने आलेले, घाबरलेले. मागे पडेल म्हटल्यावर काय बिशाद आहे ऐकायची नाही! दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरचे पाढे बंद. महिन्याभरात पोरगा विसरलाही. प्रणव काही मागे पडला नाही. आता तो ब्रिस्टलला विमानांचे पंख करणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे आणि "आई, माझा गाडी बंद पडला" असं मराठी बोलतो. गणितापाशी तो कुठे अडला नाही. तो अडला आजीपाशी. दर रविवारी मिरजेला फोन लागायचा. "कसा आहेस बाळा?" "बरा आहे आजी." आणि मग दोन्हीकडे शांतता. जन्मभर मुलांना बोलतं केलेली ती बाई फोन धरून गप्प बसायची आणि शेवटी म्हणायची, "त्याला पाढा येत असता तर म्हटला असता आम्ही दोघांनी." सुचेताने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं?

गुरुवारी सियाची आई ऋजुता आली, खांद्याला लॅपटॉपची बॅग, कानात अर्धा फोन. पुण्या-मुंबईच्या मीटिंगांना सरावलेली, फर्डं इंग्रजी बोलणारी मुलगी. तिचा नवरा अवधूत आठवड्यातले चार दिवस मिल्टन कीन्सला क्लायंटकडे असायचा. मिस हॉलंडने कागद पुढे सरकवला, त्यावरचा सातचा आकडा बघून ऋजुताचा चेहराच उतरला.

"हे कसं शक्य आहे? तिला तीसपर्यंत पाढे येतात! माझे सासरे रोज सकाळी घेतात व्हिडिओ कॉलवर. नागपूरहून. साडेसातला, ती टोस्ट खात असते तेव्हा. पंचवीस मिनिटं. एक दिवस चुकवत नाहीत."

"मराठीत?" मिस हॉलंडने विचारलं.

"मराठीत."

मिस हॉलंडने सुचेताकडे 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं आणि जूनपर्यंत थांबवण्याचं वाक्य फार गोड शब्दांत सांगितलं. ऋजुताने एका क्षणाचाही विचार केला नाही.

"अॅब्सोल्यूटली. उद्यापासून बंद करते. बाबांना थोडं वाईट वाटेल, पण ही विल अंडरस्टँड."

उद्यापासून. तोच शब्द. नागपुरात कोणी एक म्हातारा उद्या दुपारी एक वाजता फोन समोर ठेवून बसणार होता आणि तो फोन वाजणार नव्हता. हे थांबवायचं तर आत्ताच, या खोलीत. इथून ऋजुता बाहेर पडली की संपलं.

"मिस हॉलंड, हा भाषेचा प्रश्नच नाहीये," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला. दोघीही चमकून बघायला लागल्या. "तिला उत्तर येतं. पण ते उत्तर आठव्या मजल्यावर राहतं, आणि ती दर वेळी तळमजल्यापासून जिने चढून जाते. आमच्याकडे पाढे असेच शिकवतात, सुरात, ओळीने. सहा सेकंदांत ती तिसऱ्या मजल्यावर पोचते. इंग्रजीत शिकवलंत तरी जिनेच चढेल, फक्त तिथे तिला पायऱ्याही नवीन असतील. ते पाढे बंद केलेत तर आहे तेही जाईल."

"मग काय करायचं?"

"मला तीन आठवडे द्या. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं. आणि सकाळचा फोन बंद करू नका."

मिस हॉलंड थोडा वेळ पेनाचं टोपण चावत राहिली. एकोणीस वर्षांत मिसेस टीने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "तीन आठवडे," ती म्हणाली. "मग पुन्हा चाचणी. फरक पडला नाही तर माझ्या पद्धतीने."

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधल्या टेबलापाशी सिया येऊन बसली. मिसेस टीने आता काय काढलंय, म्हणून बिचारी अंग चोरून बसलेली.

"सात आठे किती ग?" सुचेताने विचारलं.

सियाने डोळे एवढे मोठे केले. "तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे काय! सात आठे?"

ओठ लगेच सुरू झाले. सुचेताने एकदा पूर्ण म्हणू दिला. मग म्हणाली, "आता असं कर. सात पंचे पस्तीस तुला झोपेतही येतं ना? मग तिथूनच निघ. खालून चढत यायचं काही काम नाही."

"पण एके नाही म्हटलं तर सूर लागत नाही."

खरंच होतं ते. सुचेताने स्वतः मनातल्या मनात 'सात पंचे'पासून सुरू करून पाहिलं तर तिलाही पायाखाली काही नाही असं वाटलं. तरी दोघी हट्टाने बसल्या. पाचापासून वर. मग दाहेपासून खाली, नव्वेपर्यंत, आठेपर्यंत. पहिला आठवडा सिया चुकली, वैतागली, एकदा रडलीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी तिने 'सात आठे' ऐकल्या ऐकल्या 'छप्पन्न' म्हटलं आणि स्वतःच दचकली.

पण सुचेताने जुने सराव नीट तपासले तेव्हा एक भलतीच गंमत निघाली. सात गुणिले बारा, आठ गुणिले अकरा, जिथे जिथे दुसरा आकडा अकरा किंवा बारा होता तिथे सियाने उत्तर चुकवलं नव्हतं. तिथे तिने काही लिहिलंच नव्हतं.

"हे कोरं का ग सोडलंस?"

"ते नसतं ना," सिया म्हणाली. "दाहे झालं की पाढा संपतो."

सुचेता हसली, आणि हसता हसता थांबली. पोरीचं काय चुकलं? आपला पाढा लांबीला दहाच. रुंदीला तीसपर्यंत जा, कोणी अडवत नाही. पण सात दाहे सत्तर म्हटलं की श्वास सोडायचा आणि आठाला लागायचं. इथे मात्र बारापर्यंत जातात. कोणी तिला सांगितलंच नव्हतं की दाहेच्या पुढेही गाव आहे.

तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या लाल चकत्या आणल्या आणि टेबलावर मांडल्या. बारा ओळी, एकेका ओळीत सात. मग सियाला म्हणाली, "ऊठ. आता फिरून त्या बाजूला जा. तिकडून किती ओळी दिसतात?"

हे आईचं. आई चिंचोके मांडायची जमिनीवर आणि पोरांना त्यांच्याभोवती फिरायला लावायची. इकडून बघा, तिकडून बघा. चिंचोका एकही हलला नाही, मग उत्तर बदलेल कसं? सुचेताला ते इतकी वर्षं आठवलंसुद्धा नव्हतं. हातांनी चकत्या मांडल्या आणि मग ते डोक्यात आलं.

सियाने टेबलाला वळसा घातला, वाकून पाहिलं. "इकडून सात ओळी. बारा-बाराच्या." थोडं थांबली. "म्हणजे बारा साते. बारा साते चौऱ्याऐंशी! हे तर मला येतं!"

"येतंच होतं. तू चुकीच्या बाजूला उभी होतीस."

"आणि बारा गुणिले बारा? ते दोन्हीकडून सारखंच दिसेल."

"मग?"

सियाने दोन्ही हात गालांना लावून बराच वेळ त्या चकत्यांकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "बारा दाहे एकशेवीस. वर अजून दोन ओळी. चोवीस. एकशे चव्वेचाळीस." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुचेताला तिला कडेवर घ्यावंसं वाटलं, पण या देशात ते चालत नाही, म्हणून तिने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

राहिले आजोबा. कारण सुचेता दुपारी जे उसवायची ते आजोबा सकाळी पुन्हा शिवून ठेवायचे, एकेपासून दाहेपर्यंत, अगदी ठाशीव. शेवटी एका दुपारी शाळेच्या फाटकापाशी ऋजुताने फोनच तिच्या हातात दिला. "काकू, तुम्हीच समजवा बाबांना. माझं ऐकत नाहीत."

पडद्यावर जाड चष्मा, पांढऱ्या मिशा आणि अर्धा पंखा दिसत होता. मोहनराव, वीज मंडळातून निवृत्त झालेले. नमस्कार-चमत्कार झाले.

"काहून मोडता हो पाढा?" त्यांनी सरळच विचारलं. "माझ्या वडिलांनी मला असाच दिला, मी अवधूतला असाच दिला. मधूनच कुठूनही विचारायचं म्हणजे काय झालं? त्याला काही चाल नाही, ताल नाही."

"मोडत नाही हो, काका. तिला पूर्ण येतोय, तो कुठे जात नाही. पण शाळेत मधूनच विचारतात, आणि वेळ सहा सेकंद."

"सहा?" मोहनरावांनी चष्मा काढला. "सहा सेकंदांत तर मला साधी शिंक येत नाही."

सुचेताला हसू आवरेना. मग तिने त्यांना सांगितलं की तिची आई चौथीची बाई होती, आणि वर्गात सुरात पाढे घ्यायची. पण घरी वेणी घालताना, भाजी निवडताना, ध्यानीमनी नसताना मध्येच विचारायची, 'आठ सक?' उत्तर आलं नाही तर वेणी तशीच अर्धी सोडून द्यायची. एकदा सुचेता एक वेणी घालून आणि एक बाजू मोकळी सोडून शाळेत गेली होती. आणि शेवटी, सांगायचं ठरवलं नव्हतं तरी, तिने हेही सांगितलं की तुमचा फोनच बंद होणार होता. मी तो अडवलाय. आता तुम्ही साथ दिली नाहीत तर मी तोंडावर पडेन, आणि तुमचे पाढेही जातील.

पलीकडे चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. मग मोहनराव हळू म्हणाले, "बंद होणार होता? मला कोणी बोललं नाही." ऋजुता बाजूला उभी राहून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. "बरं. सांगा बाई, कसं विचारायचं ते."

बाई. सुचेताला आजवर कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. तिला एकदम भरून आलं आणि पुढची दोन मिनिटं तिने काय समजावलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

पण मोहनरावांना कळलं होतं. एकदा पटल्यावर म्हाताऱ्याने जो काही सपाटा लावला! टेबलावर बोटाने सहा टिचक्या मारायचे, सातवीच्या आत उत्तर पाहिजे. सिया दात घासताना विचारायचे, मोजे घालताना विचारायचे. तीन आठवड्यांनी मिस हॉलंडने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा सियाला एकोणीस आले. मिस हॉलंडने कागद दोनदा तपासला आणि मग कॉरिडॉरमध्ये येऊन तिने सुचेताला मिठीच मारली. मोठ्यांमध्ये मात्र ते चालतं.

जूनमध्ये परीक्षा झाली. सुचेता त्या दिवशी वर्गात होती, खिडकीजवळच उभी. पडद्यावर आकडे येत होते, सियाचं बोट टपाटप पडत होतं. मध्ये दोन-तीन सेकंद उरायचे तेव्हा पोरगी चक्क बाहेरच्या झाडावरची खार बघत होती. आणि तिचे ओठ मिटलेले होते. मान डुलत नव्हती. सुचेताला अर्थातच आनंद झाला. पण त्या मिटलेल्या ओठांकडे बघताना काहीतरी हरवल्यासारखंही वाटलं, आणि असं का व्हावं, हे तिला घरी पोचली तरी उमगलं नाही.

सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात निकाल कळला. पंचवीसपैकी चोवीस. ऋजुता फाटकापाशी पेढ्यांचा डबा घेऊनच उभी होती, आणि दुसऱ्या हातात फोन. "काकू, बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

"अभिनंदन, बाई," मोहनराव म्हणाले. "जिंकलात तुम्ही."

"आपण सगळ्यांनी मिळून, काका. तुम्ही नसतात तर..."

"हो, हो." ते हसले, पण हसणं काही खरं नव्हतं. मग म्हणाले, "एक सांगू का? रागावू नका. आता चार मिनिटांत संपतं जी."

"काय?"

"फोन. मी विचारतो, ती फटाफटा सांगते. एकही चुकत नाही. विचारणार तरी किती? चार मिनिटांत माझ्याजवळचं सगळं सरतं आणि ती 'बाय आजोबा' म्हणते. आधी कसं होतं, पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबायची. चौदा सकापाशी हमखास. मग म्हणायची, आजोबा, आज इथे पाऊस आहे. आजोबा, माझ्या शेजारची मुलगी डब्यात नुसती काकडी आणते. असं करत करत तीसला पोचायला पंचवीस मिनिटं लागायची. आता ती सरळ उत्तरावर जाते." त्यांनी चष्मा पुसला. "पोरगी हुशार झाली, त्याचं वाईट वाटून घेऊ नये माणसाने. मला माहीत आहे. पण वाटतं."

आजूबाजूला मुलं स्कूटरवरून सुसाट निघाली होती, आया हाका मारत होत्या. परीक्षेच्या दिवशी काय हरवल्यासारखं वाटलं होतं ते सुचेताला आता कळलं. आपण यांचा फोन वाचवला आणि आपणच तो चार मिनिटांवर आणला. खालच्या मजल्यांची काय गरज, असं आपणच त्या पोरीला शिकवलं. पण या माणसाची आणि तिची गाठ पडत होती ती त्या जिन्यातच. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त, मिरजेला कानाशी फोन धरून गप्प बसलेली आई आठवली. नाही. या वेळी नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही तिला दिडकी शिकवलीत?"

"दिडकी?" मोहनराव खुर्चीत पुढे आले. "छे हो! ती आता कोण शिकवतं? मलाच येत नाही धड. वडील म्हणायचे."

"दिडकी काय असते?" सियाने पेढा तोंडात ठेवूनच विचारलं.

"दीडचा पाढा."

"दीडचा? वन अँड अ हाफचा? त्याची टेस्ट असते?"

"नसते," सुचेता म्हणाली. "त्याची जगात कुठे टेस्ट नसते. पावकीची नाही, अडीचकीची नाही. कोणी सेकंद मोजत नाही."

"मग म्हणा ना, बाई," फोनमधून आवाज आला. "तुम्हाला येते?"

येत होती का? आईने शिकवली होती, सहावीच्या उन्हाळ्यात, गव्हातले खडे निवडताना. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने ती तोंडातून काढली नव्हती. सुचेताने फाटकाचा गज धरला आणि हळूच सुरुवात केली.

"एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार, चार दीड सहा..."

आवाज आपोआप वर गेला. तो तिचा नव्हताच, मिरजेतल्या शेवटच्या तासाचा होता. दोन-तीन आया वळून बघायला लागल्या. एकोणीस वर्षं या फाटकापाशी गुड आफ्टरनून म्हणणारी मिसेस टी गज धरून गात होती. बघोत. "पाच दीड साडेसात, सहा दीड नऊ, सात दीड..."

आणि गाडी अडली. सात दीड? काही केल्या पुढचं येईना.

सिया क्षणभर वर बघत राहिली. "सात. आणि सातचे अर्धे, साडेतीन." तिने पेढा गिळला. "साडेदहा!"

"शाबास!" मोहनराव पलीकडून ओरडले. "आठ दीड?"

"थांबा ना आजोबा, मी विचार करतेय." आणि ती तिथेच फुटपाथच्या कडेला मांडी घालून बसली, फोन आईच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. "बारा. बहुतेक बारा. आजोबा, आज आमच्या प्लेग्राउंडमध्ये एक कोल्हा आला होता, खरंच. मिस हॉलंडने सगळ्यांना आत बोलावलं."

"कोल्हा? शाळेत? मग काय केलं त्याने?"

ऋजुताने घड्याळाकडे पाहिलं. तिची चारची मीटिंग होती. मग लॅपटॉपची बॅग खांद्यावरून काढून तिने खाली ठेवली.

कोल्ह्याची हकिगत बरीच लांबली. ती झाल्यावर मोहनराव म्हणाले, "बाई, तुम्ही आहात ना? मला ती दिडकी पहिल्यापासून सांगा. लिहून घेतो. कागद आणतो, जरा वेळ लागेल."

"आणा," सुचेता म्हणाली, आणि सियाच्या शेजारी फुटपाथवर बसली.